पाडकामापासून ताब्यापर्यंत : बांधकामाच्या साईटवर साहित्य, पाणी आणि धूळ यांचा हिशेब कसा ठेवावा

१९७० आणि ८० च्या दशकांत पुण्यात उभ्या राहिलेल्या अनेक गृहनिर्माण सोसायट्या आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्यांच्या माहितीपत्रकांवर ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द हमखास असतो आणि त्याखाली गच्चीवरचे सौर पॅनल, पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण आणि पार्किंगमधील चार्जिंग पॉइंट यांची यादी असते. या सगळ्या गोष्टी इमारत पूर्ण झाल्यानंतर कामाला येतात. तोपर्यंतच्या दोन-अडीच वर्षांत साईटवर किती सिमेंट वाया गेले, किती टँकर पाणी गटारात गेले आणि जुन्या इमारतीचा राडारोडा कोणत्या ओढ्यात जाऊन पडला, याचा उल्लेख कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. हा लेख त्या अडीच वर्षांबद्दल आहे.

उदाहरणासाठी एक नेहमीची साईट धरू. सुमारे १० गुंठ्यांचा प्लॉट, त्यावर तळमजला अधिक तीन मजल्यांची सोळा सदनिकांची जुनी इमारत असून तिचे एकूण बांधकाम १,००० चौरस मीटरच्या आसपास आहे. तिच्या जागी पार्किंग अधिक सात मजले, म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर बांधकाम होणार आहे. अशा कामावर पर्यावरण अधिकारी नेमलेला नसतो. एक साईट इंजिनिअर, एक सुपरवायझर, एक स्टोअरकीपर आणि निरनिराळ्या ठेकेदारांचे मुकादम एवढाच फौजफाटा असतो, आणि जे काही करायचे ते याच माणसांकडून करून घ्यायचे असते.

सुरुवात ठेक्याच्या कागदापासून

साईटवर हिरव्या रंगाचे फलक लावण्याआधी ठेकेदारांच्या दरपत्रकाकडे पाहावे, असा माझा आग्रह असतो, कारण नासाडी बहुतेक वेळा तिथेच ठरून गेलेली असते. स्टीलच्या फिटरला साईटवर दिलेल्या वजनावर टनामागे मजुरी मिळत असेल, तर तुकडे वाचवण्यात त्याचा काहीच फायदा नसतो, उलट तोटाच असतो. प्लास्टरवाल्याला चौरस फुटावर दर आणि सिमेंट-वाळू मालकाची असेल, तर खाली सांडलेला मसाला उचलून वापरण्यापेक्षा नवीन घमेले भरणे त्याला सोपे जाते.

म्हणून तीन अटी लेखी घालाव्यात. पहिली अट अशी की, स्टीलची मजुरी बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे (कोणती सळई किती लांब कापायची व कशी वाकवायची याची यादी) निघालेल्या सैद्धांतिक वजनावर मोजली जाईल, साईटवर उतरलेल्या वजनावर मोजली जाणार नाही. दुसरी अट अशी की, ठरवलेल्या प्रमाणापेक्षा वेस्टेज कमी राहिल्यास वाचलेल्या मालाच्या किमतीतील काही हिस्सा मुकादमाला मिळेल. हा हिस्सा किती असावा याबद्दल मतभेद असू शकतात, पण तो रोख आणि प्रत्येक स्लॅबनंतर दिला तरच त्याचा उपयोग होतो. काम संपल्यावर देण्याचे आश्वासन कोणी मनावर घेत नाही. तिसरी अट पाडकाम ठेकेदारासाठी असून ती सर्वांत महत्त्वाची आहे.

पाडकामाचा व्यवहार इतर ठेक्यांच्या उलट चालतो. इथे बहुधा ठेकेदारच पैसे देतो, कारण जुन्या इमारतीतील लोखंड, दारे, खिडक्या आणि ग्रिल विकून त्याला उत्पन्न मिळते. उरलेला राडारोडा हा त्याच्या दृष्टीने निव्वळ खर्च असतो आणि तो जितका जवळ टाकता येईल तितका त्याचा नफा वाढतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका कामावर ठेकेदाराने रात्रीतून अनेक गाड्या नदीकाठी रिकाम्या केल्या. त्या ढिगाऱ्यात सोसायटीच्या प्रवेशद्वारावरची संगमरवरी पाटी नावासह शाबूत सापडली आणि नोटीस थेट सोसायटीच्या सचिवांच्या हातात आली. तेव्हापासून आम्ही ठेकेदाराकडून वेगळी अनामत घेतो आणि अधिकृत प्रक्रिया केंद्रावरच्या वजनकाट्याच्या पावत्या जमा झाल्याखेरीज ती सोडत नाही. प्रत्येक पावतीवर गाडीचा क्रमांक, वेळ आणि वजन असावे, आणि ते आपल्या गेटवरच्या नोंदीशी जुळावे.

पाडण्याआधी मोजणे

टायफॅक या केंद्र सरकारच्या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे इमारत पाडताना दर चौरस मीटरमागे ३०० ते ५०० किलो राडारोडा निघतो. आपल्या १,००० चौरस मीटरच्या इमारतीतून, म्हणजेच, ३०० ते ५०० टन माल बाहेर पडणार आहे. हा आकडा आधी काढून ठेवण्याला कारण आहे. बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांमध्ये दिवसाला २० टन किंवा प्रकल्पामागे महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्यावर दोन जबाबदाऱ्या टाकण्यात आल्या होत्या : काँक्रीट, माती, विटा व मसाला, आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार भाग वेगळे करणे, आणि स्थानिक प्राधिकरणाकडून कचरा व्यवस्थापनाचा आराखडा मंजूर करून घेणे. एप्रिल २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांत १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख देण्यात आली आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांवर पुनर्वापराची विस्तारित जबाबदारी टाकण्यात आली. आपली साईट त्या मर्यादेच्या खूप खाली असली, तरी चार ढिगांची पद्धत सोडू नये, कारण मिसळलेला राडारोडा कोणाच्याच कामाचा राहत नाही.

पाडकामाचा क्रम वरून खाली आणि हलक्या वस्तूंकडून जड वस्तूंकडे असावा. रहिवासी बाहेर पडल्यावर एक दिवस काढून प्रत्येक सदनिकेत फिरावे आणि वही करावी. सागवानी चौकटी, लोखंडी ग्रिल, शहाबादी व कोटा फरशी, नळकाम, वायरिंग यांपैकी काय शाबूत निघेल याची नोंद झाली की मशीन लावण्यापूर्वी हाताने काढायच्या कामाला किती दिवस लागतील हे ठरवता येते. एकदा ब्रेकर लावलेला एक्स्कॅव्हेटर सुरू झाला, की शहाबादीची फरशी आणि तिच्याखालचा कोबा यांत फरक उरत नाही. याच फेरीत ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आणि पाइप शोधावेत. जुन्या गच्चीवरच्या शेडमध्ये आणि ड्रेनेजच्या उभ्या पाइपांत ते वारंवार आढळतात. हे पत्रे फोडू किंवा कापू नयेत. पाणी मारून ओले ठेवून ते अखंड उतरवावेत, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावेत आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवावेत. पुणे परिसरासाठी असे केंद्र रांजणगावला आहे. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, म्हणून त्यांचे खोके वेगळे ठेवावे.

काँक्रीट आणि विटांचे ढीग महापालिकेच्या प्रक्रिया केंद्राकडे जातात. पुणे महापालिकेचे केंद्र वाघोलीला आणि पिंपरी-चिंचवडचे मोशीला आहे. तिथून परत येताना तीच गाडी पुनर्प्रक्रिया केलेली खडी किंवा पेव्हर ब्लॉक घेऊन येऊ शकते, आणि रिकाम्या फेरीचे डिझेल वाचते. अशी खडी कुठे चालते हे आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत स्पष्ट दिलेले आहे. जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी एम १५ पेक्षा कमी दर्जाच्या (हा आकडा काँक्रीटची ताकद दाखवतो) काँक्रीटमध्ये १०० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम २५ पर्यंतच्या आरसीसीमध्ये २० टक्क्यांपर्यंत वापरता येते. मी स्वतः ती फुटिंगखालच्या, म्हणजे पायाखालच्या, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये (पीसीसी) आणि अंतर्गत रस्त्याच्या थरात वापरतो. कॉलम-बीममध्ये वापरण्याची परवानगी असली, तरी प्रत्येक लॉटची चाचणी करण्याची तयारी नसेल तर तो मोह टाळावा.

माती, झाडे आणि कुंपण

खोदाईचा पहिला साधारण २० सेंटिमीटरचा थर हा वरचा सुपीक मातीचा थर असतो. तो मुरमात मिसळून गेला, की शेवटी बागेसाठी लाल माती विकत आणावी लागते. प्लॉटच्या मागच्या बाजूला त्याचा कमी उंचीचा ढीग करून ताडपत्री टाकावी. जी झाडे राहणार आहेत त्यांच्या फांद्यांचा घेर जमिनीवर जिथपर्यंत पडतो तिथपर्यंत बांबूचे कुंपण घालावे आणि त्या आत खडी, स्टील किंवा सिमेंटचे पाणी पडू देऊ नये. जी काढायची आहेत त्यांच्यासाठी १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि ती वेळखाऊ असल्याने नकाशा मंजुरीबरोबरच अर्ज करणे शहाणपणाचे ठरते.

धुळीबाबत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची जानेवारी २०१८ ची अधिसूचना पुरेशी स्पष्ट आहे. हवेतील धूलिकणांनी मर्यादा ओलांडलेल्या शहरांत इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश इतका, पण जास्तीत जास्त १० मीटर उंचीचा आडोसा, माती-वाळूवर झाकण, पाण्याची फवारणी, आणि उघड्यावर दगड-फरशी कापण्यास मनाई, असे तिचे स्वरूप आहे. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये आणखी कडक सूचना काढून एक एकराहून मोठ्या प्लॉटसाठी ३५ फूट आणि लहान प्लॉटसाठी २५ फूट उंच पत्र्याचे कुंपण मागितले. प्रत्यक्षात कुंपणापेक्षा गेट जास्त धूळ बाहेर सोडते. ओल्या मातीतून निघालेल्या डंपरच्या चाकांबरोबर रस्त्यावर आलेला चिखल दुसऱ्या दिवशी दुपारी वाळतो, आणि मग प्रत्येक वाहनामागे तो उडतो. गेटच्या आतल्या बाजूला खडीचा सहा-सात मीटर लांब पट्टा, त्यापुढे पाण्याचा पाइप आणि धुतलेले पाणी साठण्यासाठी छोटी टाकी एवढी सोय केली, तरी शेजाऱ्यांच्या तक्रारी निम्म्याने कमी होतात असा माझा अनुभव आहे. टाइल आणि ब्लॉक कापण्याची एकच जागा ठरवून तिथे पाण्याची धार लावावी. कोरड्या ग्राइंडरचा पांढरा धूर हा बारीक सिलिकाचा असतो आणि तो सर्वांत आधी कापणाऱ्या माणसाच्या छातीत जातो.

स्टीलचा हिशेब

सळई साधारण १२ मीटर लांबीची येते आणि तिचे दर मीटर वजन व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागून निघते. १२ मिलिमीटरच्या सळईचे वजन दर मीटरला ०.८८८ किलो भरते. आता समजा, एका मजल्याच्या बीमसाठी ४.२ मीटरचे तुकडे हवे आहेत. एका सळईतून दोन तुकडे निघतात आणि ३.६ मीटरचा तुकडा उरतो, म्हणजे ३.२ किलो. अशा १०० सळया कापल्या, तर ३२० किलो लोखंड कोपऱ्यात जाऊन पडते. तो ढीग पावसात गंजतो आणि अखेरीस भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो. मात्र कापण्याआधी त्याच मजल्याच्या लिंटेलचे (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीचे) शेड्यूल समोर ठेवले असते, तर १.८ मीटरचे दोन तुकडे त्या उरलेल्या भागातून नेमके निघाले असते.

म्हणून शेड्यूल एका घटकाचे न करता पूर्ण मजल्याचे करावे आणि फिटरला कापण्याची यादी मोठ्या तुकड्यापासून लहान तुकड्याकडे अशा क्रमाने द्यावी. उरलेले तुकडे व्यासानुसार आणि लांबीनुसार रॅकवर उभे ठेवावेत व लांबी खडूने लिहावी. एक मीटरपेक्षा लहान तुकड्यांतून चेअर, डॉवेल आणि चेंबरच्या झाकणांच्या जाळ्या होतात. आमच्या एका फिटरने रॅकवरच्या तुकड्यांवर निरनिराळ्या रंगांचे पट्टे मारण्याची पद्धत स्वतःहून सुरू केली, कारण त्याच्या टोळीतील निम्म्या मुलांना मराठी आकडे वाचता येत नव्हते. आता आम्ही ती सगळीकडे वापरतो.

सिमेंट आणि काँक्रीट

इमारतीच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा मोठा असतो. चुनखडी भाजून क्लिंकर (सिमेंटचा मूळ घटक) होताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि भट्टीचे इंधन वेगळेच. त्यामुळे क्लिंकरचे प्रमाण कमी असलेले सिमेंट निवडणे आणि मुळात सिमेंट कमी लागेल असे मिश्रण बनवणे हे दोन उपाय साईटच्या हातात आहेत. पीपीसी या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश (कोळशाची राख) असते, स्लॅग सिमेंटमध्ये स्लॅगचे (लोखंडाच्या भट्टीतील मळीचे) प्रमाण त्याहूनही वाढू शकते, आणि चुनखडी व भाजलेल्या चिकणमातीवर आधारलेल्या एलसी-३ या नव्या सिमेंटसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये मानक काढले.

घमेल्याने मोजून केलेल्या मिश्रणात मिस्त्री भीतीपोटी एखादी गोणी जास्त टाकतोच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेने नॉमिनल मिक्स, म्हणजे ठरावीक प्रमाणाचे मिश्रण, एम २० पर्यंतच मर्यादित ठेवले आहे. त्यापुढे प्रयोगशाळेतून मिक्स डिझाइन करून घ्यावे लागते. आपल्या २,००० चौरस मीटरच्या इमारतीला दर चौरस मीटरमागे ०.३५ घनमीटर काँक्रीट धरले, तर ७०० घनमीटर लागते. योग्य डिझाइन आणि प्लास्टिसायझर (कमी पाण्यातही काँक्रीट मऊ ठेवणारे रसायन) यांमुळे दर घनमीटरला ३० किलो सिमेंट वाचले, तरी एकूण बचत २१ टनांची, म्हणजे ४२० गोण्यांची होते. टिकाऊपणासाठी संहितेने ठरवलेल्या किमान सिमेंटच्या खाली मात्र जाऊ नये.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगावी लागेल, कारण ती चूक माझी स्वतःची आहे. पीपीसीवर आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटला आधार देणारे साचे व टेके) खोलण्याचे वेळापत्रक बदलले नाही. ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके सात दिवसांनी काढता येतात, हा संहितेतील आकडा साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आणि किमान १५ अंश तापमानासाठी आहे. जानेवारीतल्या पुण्यात रात्री तापमान त्याच्या खाली जाते आणि फ्लाय ॲशचे सिमेंट ताकद सावकाश धरते. मुकादमाने सातव्या दिवशी टेके काढले आणि तीन दिवसांनी स्लॅबच्या मध्यभागी खालच्या बाजूने बारीक तडे दिसले. पुन्हा टेके लावणे, चाचण्या आणि ग्राउटिंग यांत वाचलेल्या सिमेंटहून अधिक सिमेंट आणि पैसा गेला. सिमेंट बदलताना सेंट्रिंगचे दिवस आणि क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्याचे, दिवस हे दोन्ही त्याच कागदावर बदलावेत, आणि स्लॅबशेजारी ठेवून पिकवलेल्या क्यूबची (चाचणीच्या काँक्रीट ठोकळ्याची) ताकद पाहूनच खोलण्याची सही द्यावी.

आरएमसीची, म्हणजे कारखान्यातून तयार येणाऱ्या काँक्रीटची, शेवटची गाडी आधीच मागवून ठेवू नये. स्लॅबचा शेवटचा पट्टा उरल्यावर तो टेपने मोजून मगच आकडा कळवावा. तरीही थोडे काँक्रीट उरते. त्यासाठी चेंबरची झाकणे आणि कुंपणाच्या खांबांचे साचे तेल लावून तयार ठेवावेत. ट्रान्झिट मिक्सर धुतल्यावर निघणारे पाणी अतिशय अल्कधर्मी असते. त्यासाठी विटांची तीन कप्प्यांची टाकी बांधावी. पहिल्या कप्प्यात खडी-वाळू बसते, दुसऱ्यात गाळ, आणि तिसऱ्यातले निवळलेले पाणी पुढच्या गाड्या धुण्यासाठी परत वापरता येते. चालकाने गटारात किंवा झाडाखाली पाइप सोडला, तर त्या गाडीच्या बिलातून दंड कापण्याची तरतूद खरेदीच्या आदेशातच असावी.

सिमेंटच्या गोण्या जमिनीपासून उंच फळ्यांवर, भिंतीपासून सोडून आणि दहापेक्षा जास्त थर न लावता रचाव्यात, आधी आलेली आधी वापरावी. मसाला दोन तासांत संपेल एवढाच कालवावा. जेवणाच्या सुट्टीआधी कालवलेला मसाला दुपारी पाणी घालून मऊ करण्याची खोड जवळपास प्रत्येक साईटवर असते. सुट्टीच्या अर्धा तास आधी मिक्सर बंद ठेवणे हा त्यावरचा एकमेव उपाय मला सापडला आहे.

पाणी

पन्नास किलोच्या एका गोणीला पाणी-सिमेंटच्या ०.४५ प्रमाणाने फक्त साडेबावीस लिटर पाणी लागते. खरा खर्च क्युरिंगचा असतो. २०० चौरस मीटरच्या स्लॅबवर आळी (पाणी अडवणारे छोटे बांध) करून ५ सेंटिमीटर पाणी साठवले, तर एका भरणीला १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटरचा पूर्ण टँकर लागतो. आळी फुटली किंवा उन्हाळा असला, तर दोन दिवसांत दुसरा टँकर दारात उभा राहतो. आळ्यांची उंची निम्म्यावर आणून वर गोणपाट आणि त्यावर प्लास्टिकचा कागद टाकल्यास पाणी टिकून राहते. कॉलमला दिवसातून तीनदा पाइपने फवारणी केली, तर नव्वद टक्के पाणी खाली वाहून जाते, असे डोळ्यांनी दिसते. त्याऐवजी कॉलमला तरट गुंडाळून वर प्लास्टिक बांधावे आणि माथ्यावर छिद्र पाडलेली बाटली किंवा ठिबकची नळी सोडावी. क्युरिंग कंपाउंड उभ्या पृष्ठभागांवर चालते, परंतु ज्या पृष्ठभागावर प्लास्टर येणार आहे तिथे त्याचा पापुद्रा पकड बिघडवतो, म्हणून ते वापरण्याआधी खात्री करावी. दिवस मात्र कमी करू नयेत : साध्या सिमेंटला किमान ७, आणि फ्लाय ॲश किंवा स्लॅग असलेल्याला किमान १० दिवस.

पुण्यात बांधकामासाठी पिण्याचे पाणी न वापरता सांडपाणी प्रकल्पातील प्रक्रिया केलेले पाणी वापरण्याची महापालिकेची अट आहे. धूळ बसवणे आणि गाड्यांची चाके धुणे यांसाठी ते निःशंक वापरावे. काँक्रीटमध्ये वापरायचे असल्यास आधी प्रयोगशाळेचा अहवाल हवा : सामू (पीएच) ६ पेक्षा कमी नसावा आणि आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे. बोअरच्या पाण्यालाही हीच चाचणी लागू आहे, आणि ती एकदा करून न थांबता उन्हाळ्यात पुन्हा करावी, कारण पातळी खाली गेली की क्षार वाढतात.

पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्लॉटला राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे बंधनकारक आहे. तो खड्डा शेवटी न खोदता पहिल्या पावसाळ्याआधी खोदला, तर साईटवरचे पाणीही त्यात जिरवता येते. मात्र सिमेंटचा गाळ त्यात जाऊ नये म्हणून फिल्टरचे थर शेवटी नव्याने भरावे लागतात.

भिंती

एएसी ब्लॉक, म्हणजे वाफेत पिकवलेले सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक, भाजलेल्या विटेपेक्षा बरेच हलके असतात, परंतु त्याचा फायदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी सांगितले तरच मिळतो. आरसीसीचे नकाशे विटांचे वजन धरून झाल्यानंतर ब्लॉक आणले, तर फुटिंगमधील स्टील काही कमी होत नाही. ६०० बाय २०० मिलिमीटरचा ब्लॉक घेतला असेल, तर भिंतींची लांबी आणि खिडक्यांची जागा त्या मापात बसवून प्रत्येक भिंतीचे थरनिहाय रेखाटन करावे. तुकडे कापण्यासाठी हातकरवत पुरेशी आहे. ब्लॉक भिजत ठेवू नयेत, फक्त पृष्ठभाग ओलसर करावा. कॉलम आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) लावावी. पातळ थराचा तयार मसाला वापरल्यास सांधा ३ मिलिमीटरचा राहतो. सर्वांत जास्त मोडतोड इलेक्ट्रिशियनच्या झिऱ्यांमुळे (वायरसाठी भिंतीत कोरलेल्या खाचांमुळे) होते, त्यामुळे स्विचच्या जागा भिंत उभी करण्याआधी रहिवाशांकडून सहीनिशी निश्चित करून घ्याव्यात. हे सांगणे सोपे आहे. सोळा कुटुंबांकडून ते करून घेणे हा साईटवरचा सर्वांत अवघड पर्यावरणीय उपक्रम आहे.

वीज, डिझेल आणि चुली

महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज पाडकाम सुरू असतानाच करावा. जोडणी उशिरा आली, की जनरेटर दिवसभर चालतो, तोही बहुतेक वेळ एका व्हायब्रेटरसाठी किंवा दोन दिव्यांसाठी. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जनरेटर भाड्याने घेताना लिफ्ट, मिक्सर आणि वेल्डिंग एकाच वेळी चालतील का याचा विचार करून क्षमता ठरवावी. गरजेपेक्षा मोठा सेट कमी भारावर जास्त डिझेल पितो.

डिझेलखालोखाल धूर करणारी गोष्ट म्हणजे कामगारांच्या चुली. सेंट्रिंगच्या तेल लागलेल्या फळ्या आणि प्लायचे तुकडे संध्याकाळी वस्तीत जळतात आणि त्या धुरात लहान मुले बसलेली असतात. फळ्या जाळू नका असे नुसते सांगून हे थांबत नाही. पाच किलोचा गॅस सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याची फारशी कटकट न करता मिळतो. पहिला सिलिंडर आणि शेगडी मालकाने द्यावी आणि पुढचा भरणा कामगारांनी करावा, ही पद्धत आमच्याकडे टिकली. शौचालये, पिण्याचे पाणी आणि सावली यांची सोय वस्ती येण्याआधी व्हावी. पन्नासहून अधिक महिला कामगार असतील तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याप्रमाणे पाळणाघर बंधनकारक होते. आपल्या साईटवर इतक्या महिला नसतात, तरीही एक खोली आणि एक सांभाळणारी बाई ठेवली, तर मुले वाळूच्या ढिगावर खेळत नाहीत. वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होऊ शकते, आणि त्यासाठी लागणारे कामाचे प्रमाणपत्र देण्यात टाळाटाळ करू नये.

वही

या सगळ्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. गेटवर एक जाड वही आणि तिच्यात पाच रकाने पुरतात : आत आलेला माल, बाहेर गेलेला राडारोडा, पाण्याचे टँकर, डिझेलचे लिटर आणि विजेच्या मीटरचे वाचन. प्रत्येक स्लॅबनंतर स्टोअरकीपर आणि इंजिनिअर यांनी एकत्र बसून तीन आकडे काढावेत. खरेदी केलेल्या स्टीलमधून शिल्लक आणि शेड्यूलचे वजन वजा केले की स्टीलचे वेस्टेज निघते. आरएमसीच्या चलनांची बेरीज आणि नकाशावरून मोजलेले काँक्रीट यांतील फरक हा दुसरा आकडा. टँकरची संख्या भागिले स्लॅबचे क्षेत्रफळ हा तिसरा. हे आकडे मुकादमांना दिसतील अशा फळ्यावर खडूने लिहावेत. तिसऱ्या-चौथ्या स्लॅबपासून त्यांच्यात आपसात तुलना सुरू होते, आणि ज्या मजल्यावर आकडा अचानक वाढला तिथे बहुधा आळी फुटलेली, माप चुकलेले किंवा माल चोरीला गेलेला असतो.

ताबा देताना उरलेल्या टाइल, रंगाचे डबे आणि नळांचे सुटे भाग भंगारात न टाकता खुणा करून सोसायटीच्या खोलीत ठेवावेत, कारण दोन वर्षांनी बाथरूम फोडल्यावर त्याच छटेची टाइल बाजारात मिळत नाही. प्रक्रिया केंद्राच्या पावत्या, पाण्याचे अहवाल, झाडांची परवानगी आणि पुनर्भरण खड्ड्याचा नकाशा यांची एक फाइल भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जाआधीच तयार असावी. त्या फाइलीची एक प्रत सोसायटीच्या सचिवांकडे द्यावी आणि पुनर्भरण खड्ड्याचे फिल्टर दरवर्षी मे महिन्यात साफ करायचे आहेत हे तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.